क्लार्कला खाणीपासून शिकवा : कला-इतिहास आणि संग्रहालयशास्त्र शिकवणाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय अध्यापकहो,

स. न. वि. वि.

केनेथ क्लार्क हे नाव आपल्या वर्गात येते ते बहुतेक वेळा एकाच कामासाठी. १९६९ साली बीबीसीवर 'सिव्हिलायझेशन' ही तेरा भागांची मालिका झाली, तीत ट्वीडचा कोट घातलेला एक गृहस्थ युरोपभर हिंडत चित्रे आणि चर्च दाखवतो. तीन वर्षांनी समीक्षक जॉन बर्जरने 'वेज ऑफ सीइंग' ही मालिका काढून त्याला उत्तर दिले. पुढे प्रश्न ठरलेला : 'क्लार्कच्या युरोपकेंद्री दृष्टीची चिकित्सा करा.' मुले चिकित्सा करतात, दहा गुण घेतात आणि मोकळी होतात. मालिका धड पाहिलेली नसते, त्यामुळे चिकित्साही उसनीच असते.

टीका चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. मालिकेत भारत नाही, चीन नाही, स्पेनसुद्धा जवळजवळ नाही, आणि बायका फार थोड्या. क्लार्कने 'वैयक्तिक दृष्टिकोन' असे उपशीर्षक देऊन स्वतःला थोडी पळवाट ठेवली होती, एवढेच. आमची तक्रार वेगळी आहे. हा माणूस १९३४ ते १९४५ अशी अकरा-बारा वर्षे लंडनच्या नॅशनल गॅलरीचा संचालक होता, आणि त्यातली सहा वर्षे युद्धाची होती; गॅलरीची चित्रे तेव्हा वेल्समधल्या एका दगडाच्या खाणीत लपवावी लागली. संग्रहालय म्हणजे नेमके काय सांभाळायचे, हे त्या काळात जितक्या उघडपणे दिसले तितके क्वचितच दिसते. जो विद्यार्थी उद्या एखाद्या जिल्हा संग्रहालयात किल्ल्या हातात घेणार आहे, त्याला क्लार्कच्या मतांपेक्षा त्याच्या कारकिर्दीतली खोकी, दारे, पूल आणि आर्द्रतेचे आकडे जास्त उपयोगी आहेत. म्हणून हे पत्र.

आधी चरित्र, थोडक्यात. जन्म १३ जुलै १९०३, लंडन. घराणे स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावचे, शिवणाच्या दोऱ्याच्या धंद्यात गडगंज झालेले. (आपल्या कोयरीला इंग्रजीत ज्या गावाचे नाव चिकटले, तेच हे पेझ्ली.) विंचेस्टरची शाळा, ऑक्सफर्डचे ट्रिनिटी कॉलेज. मग इटलीत बर्नार्ड बेरेन्सन या कलातज्ज्ञाच्या हाताखाली उमेदवारी. १९२८ साली गॉथिक वास्तुशैलीच्या पुनरुज्जीवनावर पहिले पुस्तक. विंडसर किल्ल्यातल्या लिओनार्दोच्या रेखाटनांची सूची त्याने केली, ती १९३५ साली छापून आली, आणि हे काम आजही चोख मानले जाते. १९३१ पासून ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात ललितकला विभागाचा प्रमुख आणि १९३४ च्या जानेवारीत, वयाच्या तिसाव्या वर्षी, नॅशनल गॅलरीचा संचालक. त्याच वर्षी राजा पंचम जॉर्ज स्वतः गॅलरीत आला, कारण राजसंग्रहातल्या चित्रांची देखरेख करायला क्लार्क आढेवेढे घेत होता. राजाने गळ घातल्यावर त्याने तेही काम पत्करले.

श्रीमंत, तरुण, राजाच्या ओळखीचा. अशा माणसाबद्दल कचेरीत काय बोलले जात असेल ते सांगायला नको. हाताखालच्या तज्ज्ञांशी त्याचे कधीच नीट जमले नाही आणि त्यात सगळा दोष तज्ज्ञांचा नव्हता.

पण पहिल्या पाच वर्षांत त्याने केलेल्या गोष्टी पाहा. १९३४ सालीच गॅलरीत वैज्ञानिक विभाग सुरू झाला आणि इयन रॉलिन्स हा भौतिकीचा माणूस तिथे आला. १९३५ मध्ये दालनांत विजेचे दिवे लागले. त्याआधी हिवाळ्यातल्या लंडनमध्ये दुपार कलली की चित्रे दिसेनाशी होत आणि गॅलरी बंद करावी लागे. दिवे आल्यावर कामावरून सुटलेल्या माणसाला संध्याकाळी येता येऊ लागले. फुटबॉलच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्याला उत्तरेकडून हजारो लोक सकाळी सकाळी लंडनला उतरत आणि दुपारपर्यंत रस्त्यावर हिंडत. त्या दिवशी क्लार्कने गॅलरी नेहमीपेक्षा लवकर उघडली. खर्च काय, तर पहारेकऱ्यांचे दोन तास. १९३८ साली गॅलरीतल्या चित्रांच्या शंभर तपशिलांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले : अख्खे चित्र नाही, नुसता एक हात, एक झाड, मागची एक टेकडी. बघायला शिकवण्याचा इतका स्वस्त उपाय आजही दुसरा नाही.

आणि त्याच काळात तो सपशेल तोंडावर पडला, हेही वर्गात सांगा. १९३७ साली गॅलरीने चार छोटी व्हेनेशियन चित्रे १४,००० पौंडांना घेतली आणि जॉर्जोने या व्हेनिसच्या थोर चित्रकाराची म्हणून लावली. जॉर्जोनेची निर्विवाद चित्रे जगात बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे एक नाही, दोन नाही, एकदम चार हाती लागली म्हटल्यावर आधी शंकाच यायला हवी होती. गॅलरीतल्याच तज्ज्ञांना ती पटलेली नव्हती. पुढच्याच वर्षी एका अभ्यासकाने ती आंद्रेआ प्रेव्हिताली या दुय्यम चित्रकाराची असल्याचे मांडले आणि वर्तमानपत्रांनी क्लार्कला धारेवर धरले. चित्रे आज प्रेव्हितालीच्याच नावाने आहेत. चित्रे वाईट नाहीत, देखणी आहेत. घोळ झाला तो पाटीवरच्या नावात आणि त्या नावामुळे वाढलेल्या किमतीत. 'व्हेनेशियन, सोळाव्या शतकाचा आरंभ' एवढेच लिहून थांबता आले असते. संशय असताना नाव मोठे लावायचा मोह, आणि ज्याचे मत नकोसे आहे त्याला बैठकीबाहेर ठेवायची सवय, या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या पाट्यांवरही शोधल्या तर सापडतील.

आता मुख्य मुद्दा.

१९३८ च्या सप्टेंबरात, हिटलरच्या चेकोस्लोव्हाकियावरच्या मागणीने युद्ध पेटण्याची भीती होती त्या म्युनिकच्या पेचाच्या वेळी, गॅलरीची काही चित्रे वेल्सकडे रवाना झाली होती. करार झाला, युद्ध टळले, चित्रे परत आली. ही चुकून घडलेली रंगीत तालीमच ठरली. कुठले खोके कुठल्या डब्यात बसत नाही, कुठल्या दारातून काय जात नाही, हे एका वर्षाआधीच कळले. १९३९ मध्ये २३ ऑगस्टला उचलाउचल सुरू झाली आणि २ सप्टेंबरला, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या आदल्या दिवशी, ती संपली. दहा-अकरा दिवसांत सुमारे दोन हजार चित्रे ट्रफाल्गर चौकातून बाहेर पडली. वाहतुकीची आखणी रॉलिन्सची. हा गृहस्थ पदार्थविज्ञानाइतकाच रेल्वेचा नादिष्ट होता आणि इथे दोन्ही नाद कामी आले. चित्रे बंद कंटेनरमधून रेल्वेने वेल्सला गेली आणि तिथे बँगॉरच्या विद्यापीठाचे सभागृह, पेनरिन आणि कायर्नार्व्हनचे किल्ले, अॅबरिस्टविथचे राष्ट्रीय ग्रंथालय अशी विभागून ठेवली.

विभागून ठेवण्यात शहाणपण होते : एक बॉम्ब पडला तर सगळे जायला नको. पण तोटे लगेच दिसू लागले. प्रत्येक ठिकाणी वेगळा पहारा, वेगळी उष्णता, वेगळी ओल. एका किल्ल्याचे मालक बहुतेक वेळ मद्याच्या अमलाखाली असत आणि ते धडपडत एखाद्या चित्रावर कोसळतील या धास्तीत तिथे नेमलेला मार्टिन डेव्हिस हा अभ्यासक दिवस काढत होता. हा धोका कोणत्याही आपत्ती-आराखड्याच्या तक्त्यात बसत नाही, पण उसन्या जागेत माल ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो गृहीत धरावा. मग १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. जर्मन विमानांचे तळ जवळ आले, लिव्हरपूलवर जाणारी विमाने उत्तर वेल्सवरून जाऊ लागली आणि 'सुरक्षित' हा शब्द पातळ झाला.

चित्रे कॅनडाला पाठवावीत असा विचार पुढे आला. क्लार्कला पाणबुड्यांची भीती वाटत होती आणि ती रास्त होती. बोट बुडाली असती तर चित्रे कायमची गेली असती. प्रश्न चर्चिलपर्यंत गेला आणि त्याचा हुकूम आला : गुहांत लपवा, तळघरांत लपवा, पण एकही चित्र हे बेट सोडून जाता कामा नये. अशी आज्ञा एका ओळीत देता येते. गुहा शोधायची असते ती खालच्या माणसांनी.

गुहा सापडली ती ब्लायनाय फेस्टिनियॉगजवळच्या मॅनॉड डोंगरात. तिथे स्लेटच्या दगडाची खाण होती. आत प्रचंड दालने, डोक्यावर दोनशे फुटांहून अधिक अखंड पाषाण. बॉम्बची चिंता मिटली. मात्र तिच्या जागी तीन नव्या चिंता आल्या, आणि वर्गात वेळ द्यायचा तर या तिन्हींना द्या.

पहिली, दार. खाणीचे तोंड माणूस आणि दगडाची ढकलगाडी जाईल एवढेच. व्हॅन डाइकने रंगवलेले घोड्यावर बसलेल्या पहिल्या चार्ल्स राजाचे चित्र ३६७ सेंटिमीटर उंच आणि २९२ सेंटिमीटर रुंद आहे. सेबास्तियानो देल प्योंबोचे 'लाझरसचे पुनरुत्थान' त्याहूनही उंच, ३८१ सेंटिमीटर. कापडावरचे चित्र असले तरी एवढे मोठे चित्र गुंडाळायचे नाही. जुना रंग कडक झालेला असतो, गुंडाळताना आडव्या भेगा पडतात आणि उलगडताना पापुद्रे सुटतात. म्हणून दारच मोठे करायचे ठरले. सुरुंग लावून सुमारे ५,००० टन दगड काढला आणि तोंड १३ फूट उंच, १० फूट रुंद केले. आता आकडे पुन्हा पाहा : ३८१ सेंटिमीटर म्हणजे साडेबारा फूट. उभ्याने नेले तर खोक्याच्या जाडीला आणि गाडीच्या चाकांना जागाच उरत नाही. म्हणून या मोठ्या चित्रांसाठी त्रिकोणी आधाराची एक उंच पेटी बनवली, तिला मंडळी 'हत्तीपेटी' म्हणत. चित्र तिच्यात तिरके टेकलेले असे. तिरके धरले की उंची कमी होते, रुंदी वाढते. किती अंश कलवले म्हणजे दोन्ही मापांत बसेल, हे कागदावर काढता येते. विद्यार्थ्यांना काढायला लावा.

दार झाले तरी दारापर्यंतचा रस्ता होता. डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर एक रेल्वेपूल आडवा येत होता आणि हत्तीपेटी त्याखालून जाईना. पूल उचलता येत नाही, पेटी छाटता येत नाही, उरला रस्ता. पुलाखालचा रस्ता दोन-अडीच फूट खणून खाली नेला. या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. चित्र हलवायचे म्हणजे चित्राचे माप घ्यायचे, असे नवशिक्याला वाटते. खरे म्हणजे निघण्यापासून पोचण्यापर्यंतच्या वाटेवरचे सर्वांत अरुंद आणि सर्वांत बुटके ठिकाण मोजायचे असते, आणि ते ठिकाण आपल्या इमारतीत असेलच असे नाही. आपल्याकडे ते जिन्याच्या वळणावर असते, लिफ्टच्या दारात असते, गल्लीत खाली लोंबणाऱ्या केबलीत असते, नाहीतर गणपतीच्या मांडवाच्या कमानीत.

दुसरी चिंता, हवा. खाणीतली हवा बारा महिने थंड, आठ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि दगडातून पाणी पाझरत असल्यामुळे ओलाव्याने जवळजवळ भरलेली. अशा हवेत कापडाला बुरशी लागते, सरस मऊ पडतो, लाकूड फुगते. उपाय असा केला की खाणीच्या दालनांत विटांच्या छोट्या इमारती बांधल्या, त्यांना कर्मचारी 'बंगले' म्हणत, आणि त्यांच्यातली हवा सुमारे १७ अंशांपर्यंत गरम ठेवली. एवढ्याने ओल कशी कमी झाली? आठ अंशांची हवा घनमीटरला साधारण ८.३ ग्रॅम वाफ धरू शकते. सतरा अंशांची हवा सुमारे १४.५ ग्रॅम धरू शकते. आतले पाणी तेवढेच राहिले आणि धरण्याची ताकद वाढली, म्हणजे सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त धरू शकेल त्या पाण्यापैकी प्रत्यक्ष आहे ते टक्केवारीत) शंभरावरून पंचावन्नच्या घरात उतरते. पाणी काढून टाकायचे यंत्र न लावता नुसती ऊब देऊन. बाहेरच्या खडकाचे तापमान ऋतूप्रमाणे हलत नव्हते, म्हणून आतला आकडाही हलत नव्हता.

आकडा न हलणे हेच खरे औषध. जुनी इटालियन चित्रे पॉप्लरच्या फळ्यांवर आहेत, डच आणि फ्लेमिश चित्रे ओकवर. हवा कोरडी झाली की लाकूड आडव्या अंगाने आकसते; मीटरभर रुंद फळी ऋतुबदलात पाच-सात मिलिमीटर सहज सरकते. तिच्यावरचा खडू-सरसाचा थर आणि त्यावरचा रंग असा सरकत नाही. फळी आकसली की त्या थराला जागा पुरत नाही, तो उचलला जातो, फोड येतो, फोड फुटला की रंगाची टिकली खाली. लंडनमध्ये हे दर हिवाळ्यात होत असे. बाहेरची हवा पाच अंश आणि ८५ टक्के आर्द्र. ती आत घेऊन वाफेच्या नळांनी अठरा अंशांवर नेली की आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास येते. प्रेक्षकाला ऊब, फळीला वाळवंट. मॅनॉडमध्ये चित्रे गेल्यावर फोड येणे जवळजवळ थांबले. युद्धानंतर ती लंडनला परतली आणि जुने दुखणे परत सुरू झाले. याच फरकावरून गॅलरीत वातानुकूलन आणण्याचा निर्णय पक्का झाला. १९५० च्या सुमारास पहिले दालन तसे तयार झाले. दोन हजार चित्रांवर चार वर्षे चाललेला असा प्रयोग मुद्दाम करायला कोणी परवानगी दिली नसती.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी, नाहीतर विद्यार्थी हाच उपाय इकडे लावतील. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात गणित उलटे असते. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के, म्हणजे घनमीटरला साडेचोवीस ग्रॅम पाणी. बावीस अंशांची हवा एकोणीस ग्रॅमच्या वर धरूच शकत नाही. नुसता गारवा करत गेलात तर उरलेले पाणी भिंतीवर, काचेवर आणि चित्राच्या पाठीवर बसते. आधी पाणी काढायचे, मग गार करायचे. आणि संध्याकाळी साहेब घरी गेले की वातानुकूलनाचे यंत्र बंद, सकाळी परत चालू, ही पद्धत यंत्र मुळीच नसण्यापेक्षा घातक. चित्राला रोज एक हिवाळा आणि एक पावसाळा सोसावा लागतो.

तिसरी चिंता, हाताळणी आणि देखरेख. खाणीत एका बंगल्यातून दुसऱ्यात जायचे तर उघड्यावरून, टपकणाऱ्या छताखालून जावे लागे. म्हणून आत अरुंद रुळांची छोटी रेल्वे टाकली आणि तिच्यावर चित्रांसाठी बंद डबे चालवले. छताचा दगड सुटत नाही ना, हेही बघत राहावे लागे. बॉम्बपासून वाचवलेले चित्र स्लेटच्या कपरीने फाटले असते तर तोंड दाखवायला जागा नव्हती. १९४१ च्या उन्हाळ्यात चित्रे इथे एकत्र आली. डेव्हिस त्यांच्याबरोबर डोंगरातच राहिला. तो अबोल, एकटा राहणारा माणूस. प्रेक्षक नाहीत, समारंभ नाहीत, सगळा संग्रह एका ठिकाणी आणि उजेडात जवळून बघायला मोकळा. त्याने चित्रांची मापे, शिक्के, पाठीमागच्या चिठ्ठ्या, जुनी दुरुस्ती, मालकीचा इतिहास हे सगळे तपासून गॅलरीच्या नव्या सूचीचे खंड रचायला घेतले. जुन्या नेदरलँडिश चित्रांचा खंड १९४५ सालीच बाहेर आला. ज्या संग्रहालयांत दुरुस्तीसाठी वर्षभर दालने बंद असतात आणि तेवढ्या काळात नोंदवहीची एक ओळ पुढे सरकत नाही, त्यांनी डेव्हिसचे नाव लक्षात ठेवावे. पुढे १९६८ मध्ये तोच गॅलरीचा संचालक झाला.

इकडे ट्रफाल्गर चौकात क्लार्क एका रिकाम्या इमारतीचा संचालक होऊन बसला होता. सरकारने बॉम्बच्या भीतीने नाट्यगृहे, मैफिली, सगळे बंद केले होते. पियानोवादक मायरा हेस त्याच्याकडे आल्या आणि अधूनमधून गॅलरीत वाजवता येईल का म्हणाल्या. क्लार्कने विचारले, रोजच का नको? १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, एक शिलिंग तिकीट. थोडी माणसे येतील असा अंदाज होता, आली हजाराच्या घरात. सोमवार ते शुक्रवार, साडेसहा वर्षे, १० एप्रिल १९४६ पर्यंत हे चालले : १,६९८ मैफिली, ८,२४,१५२ श्रोते. गॅलरीवर बॉम्ब पडले तेव्हा मैफल खालच्या मजल्यावर गेली, बंद पडली नाही. ऑक्टोबर १९४० ते एप्रिल १९४१ या काळात इमारतीवर नऊ वेळा बॉम्ब पडले. एका बॉम्बने ज्या दालनाचा चुराडा झाला तिथे एरवी राफाएलची चित्रे असत.

हे यशस्वी का झाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. वेळ कचेरीच्या माणसाला जमणारी. तिकीट सँडविचच्या भावाचे, आणि सँडविचही तिथेच मिळे. नामांकित असो वा नवखा, वादकाला मानधन सारखेच. हेसबाईंनी स्वतः दीडशेच्या आसपास मैफिली केल्या आणि मानधन घेतले नाही. आणि दिवस चुकत नसे. आज आहे की नाही, हे विचारायला फोन करावा लागला नाही की लोक येतात.

१९४२ च्या जानेवारीत 'टाइम्स'मध्ये एका वाचकाचे पत्र आले. गॅलरीने नुकतेच घेतलेले रेम्ब्रांटचे म्हाताऱ्या मार्गारेटा दे गेअरचे चित्र लंडनमध्ये एकटेच लावले होते. ते पाहून त्या वाचकाने मागणी केली, की असे एखादे चित्र अधूनमधून आणा, शहर उद्ध्वस्त झालेले असताना सुंदर काही बघायची भूक वाढली आहे. क्लार्कने 'महिन्याचे एक चित्र' सुरू केले. मार्चमध्ये पहिले आले टिशियनचे 'नोली मे तांजेरे', पुढे एल ग्रेकोचे मंदिरशुद्धीचे चित्र. एक चित्र मॅनॉडहून यायचे, रिकाम्या दालनात एकटे लागायचे, रात्री तळघरातल्या मजबूत खोलीत जायचे आणि महिना संपला की डोंगरात परत. धोका मोजून घेतलेला : एका वेळी एकच चित्र. आणि लोक रांगा लावून ते एक चित्र बघत होते. ज्यांनी आधी दोन तासांत चाळीस दालने पार केली होती, ते आता एका चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहत होते. अभ्यासक्रमात 'प्रदर्शन-रचना' या विषयाला जेवढी पाने आहेत, त्यातली दोन या एका उपक्रमाला द्यावीत असे आम्हाला वाटते.

युद्धचित्रकार समितीविषयी आपण शिकवताच, म्हणून लांबण लावत नाही. १९३९ च्या अखेरीस क्लार्कने ती उभी केली. जाहीर हेतू युद्धाची नोंद ठेवण्याचा होता. चित्रकारांना जिवंत ठेवण्याचाही त्याचा हेतू होता, आणि तो त्याने लपवला नाही. हेन्री मूरची भुयारी रेल्वेत झोपलेल्या माणसांची रेखाटने, स्टॅन्ली स्पेन्सरची क्लाइड नदीवरच्या जहाजबांधणीची चित्रे, पॉल नॅशची मोडक्या विमानांची भूमी ही सारी त्या समितीच्या कामातून आली.

१९४५ च्या मे महिन्यात निवडक चित्रे लंडनला परतली, उरलेली त्या वर्षअखेरपर्यंत. क्लार्कने त्याच वर्षी पद सोडले. त्यानंतरचे सगळे, म्हणजे ऑक्सफर्डची प्राध्यापकी, निसर्गचित्र आणि नग्नाकृती यांवरची पुस्तके, कला परिषदेचे अध्यक्षपद, व्यापारी दूरचित्रवाणीच्या नियंत्रक मंडळाचे पहिले अध्यक्षपद, 'सिव्हिलायझेशन', लॉर्डपद, २१ मे १९८३ ला मृत्यू, हे आपल्या टिपणांत आहेच.

आता मागण्या. फार नाहीत, आणि एकीलाही निधी लागत नाही.

क्लार्कवरच्या तीन तासिकांपैकी एक 'सिव्हिलायझेशन'ला ठेवा. त्यात बर्जर येऊ दे, युरोपकेंद्रीपणा येऊ दे, पण आधी एक अख्खा भाग दाखवा. उरलेल्या दोन गॅलरीच्या अकरा वर्षांना द्या. जॉर्जोनेचे प्रकरण त्यांतच, लपवाछपवी न करता.

एका तासिकेत मुलांना टेप द्या आणि आपल्याच इमारतीतले सर्वांत मोठे चित्र किंवा फलक भिंतीवरून ट्रकपर्यंत नेण्याचा मार्ग मोजायला लावा. चित्राला हात लावायचा नाही, फक्त मार्ग मोजायचा. दारांची उंची चौकटीच्या आतून मोजायची, बाहेरून नाही. खोक्यासाठी प्रत्येक बाजूला निदान दहा सेंटिमीटर धरायचे. वळणावर कर्णाचे माप घ्यायचे. आणि उचलणारी माणसे कुठे उभी राहणार हेही काढायचे, कारण माणसालाही रुंदी असते. बहुतेक गट पहिल्या वेळी हे शेवटचे विसरतात. आणि एखाद्या गटाला कळेल की ते चित्र आहे त्या दारांतून बाहेर निघतच नाही. ते आत आणल्यानंतर मध्ये कुणीतरी भिंत घातली आहे. ही माहिती आग लागायच्या आधी मिळालेली बरी.

दुसऱ्या तासिकेत एक साधा आर्द्रतामापक दालनात ठेवा आणि सकाळी उघडताना, दुपारी, यंत्र बंद केल्यावर तासाभराने अशा नोंदी आठवडाभर घ्या. किमतीचा विचार करू नका, अगदी स्वस्त मापकही फरक दाखवतो. तो किती चुकतो ते मिठाच्या ओल्या लगद्याने तपासता येते. झाकणाच्या डब्यात मीठ आणि थोडे पाणी कालवून मापक आठ तास आत ठेवला, तर तो ७५ टक्के दाखवायला हवा. मापकाला लगदा लागू देऊ नका.

आणि प्रश्नपत्रिकेतला तो जुना प्रश्न एक वर्षापुरता तरी बाजूला ठेवून हा घाला : 'बाहेर आठ अंश आणि संपृक्त हवा, आत विटांची खोली; फळीवरच्या चित्रासाठी खोली किती अंशांवर ठेवाल आणि का? हीच खोली रत्नागिरीत जुलैमध्ये असेल तर काय बदलाल?' दहा गुण. उत्तरात क्लार्कचे नाव आले नाही तरी गुण कापू नयेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
चित्रसंवर्धन आणि संग्रह-देखरेखीच्या कामातले काहीजण